परीक्षकांची परीक्षा : रुग्णालयातील संगणक आणि त्याचे जाणकार



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांना वाटले असेल की, हे काही आपल्यासाठी नाही. हे कंपन्यांतल्या इंजिनिअरांसाठी असावे. सांगवीत इंजिनिअरांना तोटा नाही, हे खरे. पण सांगवी फाट्यावरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा त्याच्या शेजारच्या उरो रुग्णालयात कधी ना कधी ज्यातले माणूस गेले नाही, असे घर या भागात थोडेच सापडेल. तेथे गेल्यावर डॉक्टरांच्या आधी आपली गाठ कोणाशी पडते? केसपेपरच्या खिडकीशी. आणि आज त्या खिडकीच्या आत, जवळजवळ सर्वत्र, एक संगणक बसलेला असतो. त्या संगणकातले सॉफ्टवेअर वापरायला सोपे आहे की अवघड, सुरक्षित आहे की धोक्याचे, हे कोणी व कसे ठरवायचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

एक प्रसंग सांगतो. तो वरील दोन्ही रुग्णालयांतला नाही आणि रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजनही नाही. मी रांगेत उभा होतो. पुढे एक आजीबाई होत्या. आतल्या कारकुनाने विचारले, "आजी, जन्मतारीख?" आजी म्हणाल्या, "तारीख कुठली बाबा? पानशेत फुटलं तवा मी नवी नवरी होते." कारकुनाने मनातल्या मनात हिशेब केला आणि १ जानेवारी १९४५ अशी तारीख ठोकून दिली, कारण तारखेचा रकाना भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकतच नव्हते. पडद्यावर त्याच नावाच्या, त्याच तारखेच्या तीन बायका एकाखाली एक उमटल्या. त्याने वरची निवडली. कागद छापून बाहेर आला तेव्हा मी सहज डोकावून पाहिले, तर गाव निराळेच होते. आजींना वाचता येत नव्हते. मी सांगितल्यावर कारकुनाने निमूटपणे दुरुस्ती केली आणि प्रसंग टळला. पण त्या कागदावर आदल्या खेपेची औषधे असती, एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठते अशी नोंद असती, तर?

येथे कोणीही म्हणेल की कारकून निष्काळजी. मीही त्या क्षणी तसेच म्हणालो. पण ज्या यंत्रात हजारो म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीलाच होतो आणि ज्याच्या यादीत नाव नि तारीख याखेरीज ओळखीची दुसरी खूण दिसत नाही, त्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाकडून चूक न होणे हेच नवल. दोष माणसाच्या डोक्यावरून उचलून यंत्राच्या घडणीवर ठेवायला जगाला फार वेळ लागला. त्याचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची मोठी बॉम्बफेकी विमाने सुखरूप जमिनीवर उतरत आणि उतरल्यावर वैमानिक अचानक चाके आत ओढून घेत, त्यामुळे विमान पोटावर आपटे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तो चाकांची मूठ आणि पंखांच्या झडपांची मूठ एकसारखी व शेजारीशेजारी! त्याने एका मुठीला चाकाचा आकार दिला, दुसरीला पाचरीचा. १९४७ साली फिट्स आणि जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून दप्तरी पडलेले ४६० प्रसंग तपासले आणि दाखवून दिले की, त्यांतील कितीतरी चुका मुठी, कळा आणि तबकड्या यांच्या रचनेतच लपलेल्या होत्या. विमानविद्येने हा धडा घेतला. वैद्यकाच्या दारात संगणक आला तो मात्र हा धडा न वाचताच आला.

त्याची किंमत कोणी मोजली, हे थेरॅक-२५ या यंत्राच्या कहाणीवरून कळते. कॅन्सरवर किरणोपचार करणारे हे यंत्र कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीने बनवले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा रुग्णांना त्याने ठरल्याच्या कित्येक पट मात्रा दिली. त्यांपैकी काही त्यानेच दगावले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर या गावी काय घडले ते पाहा. यंत्र चालवणारी बाई अनुभवी होती. इलेक्ट्रॉनच्या किरणांसाठी 'ई' हे अक्षर दाबायचे, ते चुकून 'एक्स' दाबले गेले, म्हणजे क्ष-किरण. चूक तिच्या लगेच ध्यानात आली. ती बाण वर नेऊन अक्षर बदलून आली आणि बाकीच्या रकान्यांवरून भराभर बटण दाबत खाली उतरली. ही भराभर उतरण्याची सोय मुद्दाम केलेली होती, कारण पूर्वी सगळे आकडे पुन्हा टंकावे लागत आणि त्याबद्दल चालकांची तक्रार होती. यंत्र थांबले. पडद्यावर अक्षरे आली : 'मॅलफंक्शन ५४'. पुस्तिकेत या आकड्याचा उलगडा होईल असे काही नव्हते. असले निरोप दिवसातून अनेकदा येत आणि 'पी' दाबले की काम पुढे चाले, अशी तिची रोजची सवय. तिने 'पी' दाबले. आत टेबलावर झोपलेल्या माणसाला विजेचा झटका बसावा तसे झाले होते. तो उठू पाहत असतानाच दुसरा झटका बसला. खोलीतला कॅमेरा आणि बोलण्याचे साधन, दोन्ही त्या दिवशी बंद होती. काही महिन्यांनी तो माणूस गेला.

मूळ दोष सॉफ्टवेअरच्या पोटात होता, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. ठराविक सेकंदांच्या आत दुरुस्ती केली तर यंत्राचा एक भाग ती दुरुस्ती ऐकत असे आणि दुसरा ऐकत नसे. १९९३ साली नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी या सर्व प्रकरणाची जी छाननी प्रसिद्ध केली ती वाचण्याजोगी आहे. पण पोटातला दोष रुग्णापर्यंत पोचला तो पडद्याच्या वाटेने. अर्थ न सांगणारा निरोप, एका बटणाने पुढे जाण्याची मुभा, बारीकसारीक सूचना आणि प्राणघातक सूचना यांना एकच चेहरा! एखाद्या जाणकाराने ते यंत्र विकण्यापूर्वी चार तास समोर बसून नुसते चाळले असते, तर यातल्या निम्म्या गोष्टी त्याच्या नजरेत आल्या असत्या असे मला वाटते. पण 'जाणकाराने चाळणे' म्हणजे नेमके काय करणे, याची पद्धत तोपर्यंत बसलेलीच नव्हती.

ती १९९० साली बसली, आणि गंमत अशी की, एकाच वर्षी एकाच परिषदेत दोन निरनिराळ्या पद्धती पुढे आल्या. स्थळ अमेरिकेतील सिॲटल शहर. डेन्मार्कचे याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिश यांनी 'हिउरिस्टिक इव्हॅल्युएशन' मांडले. आपल्याकडे याला सरळ 'ठोकताळ्यांची परीक्षा' म्हणता येईल. जुना गवंडी भिंत पाहतो तेव्हा हिशेब करीत बसत नाही. ओळंबा, कोपरा, ओल या चार गोष्टींवर त्याची नजर फिरते. त्याचप्रमाणे नील्सन आणि मोलिश यांनी नऊ ठोकताळे दिले, त्यांचे पुढे १९९४ मध्ये नील्सनने दहा केले. यंत्र काय करीत आहे ते माणसाला दिसावे. त्याने माणसाच्या भाषेत बोलावे. चुकीच्या खोलीत शिरलेल्याला बाहेर यायला दार असावे. आठवून सांगण्यापेक्षा पाहून ओळखण्यावर भर असावा. चूक झाल्यावर रागावण्यापेक्षा ती होऊच नये अशी रचना असावी. परीक्षकाने हे ठोकताळे हाताशी धरून पडदा न् पडदा पाहायचा आणि दोष टिपायचे.

दुसरी पद्धत कोलोरॅडो विद्यापीठातील लुईस, पोल्सन आणि त्यांचे सहकारी यांची : 'कॉग्निटिव्ह वॉकथ्रू'. तिला मी 'पावलापावलाची परीक्षा' म्हणतो. येथे परीक्षक सबंध घर पाहत नाही. तो एक काम घेतो आणि नवख्या माणसाच्या पायांनी ते काम चालत जातो. दर पावलाला तो चार प्रश्न विचारतो. आता काय करायचे आहे हे या माणसाला सुचेल का? त्यासाठीची कळ त्याला दिसेल का? ती कळ आणि आपले काम यांचा संबंध त्याला लागेल का? आणि दाबल्यावर काम पुढे सरकले हे त्याला कळेल का? ही पद्धत मुळात रस्त्यावरच्या यंत्रांसाठी निघाली, म्हणजे शिकवणीवाचून कोणीही यावे आणि वापरावे अशा साधनांसाठी.

दोन्ही पद्धती आपल्या आजीबाईंच्या खिडकीवर लावून पाहा. ठोकताळेवाला परीक्षक म्हणेल : जन्मतारीख ठाऊक नसणाऱ्याला पळवाट नाही, सारख्या नावांत फरक दिसत नाही, चुकीचा कागद रद्द करण्याचे बटण तीन पडदे आत आहे. त्याची यादी लांब होईल, आणि तीत टंकाचा आकार लहान आहे येथपर्यंत सर्व काही येईल. पावलेवाला परीक्षक खिडकीचा रंग पाहणारच नाही. तो फक्त 'जुना रुग्ण शोधणे' हे एक काम चालेल आणि तिसऱ्या पावलाला थबकेल : येथे कारकुनाला तीन नावे दिसतात, वरचे नाव निवडले तरी यंत्र 'बरोबर' म्हणूनच पुढे जाते, मग आपण चुकलो हे त्याला कळणार कसे? त्याची यादी आखूड होईल. पण त्या यादीत आमच्या आजीबाईंचा जीव आहे.

मग श्रेष्ठ पद्धत कोणती? येथून पुढे पद्धतींचेच सामने लावायचा काळ सुरू झाला. १९९१ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत रॉबिन जेफ्रीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच सॉफ्टवेअर घेऊन चार पद्धतींची तुलना केली : ठोकताळे, पावले, छापील मार्गदर्शक नियम आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांवर चाचणी. ठोकताळ्यांनी सर्वांत जास्त दोष शोधले, तेही कमी खर्चात. तेव्हापासून पुष्कळांनी निकाल लागला असे धरले. परंतु त्या निकालात एक मेख होती : ठोकताळ्यांचे परीक्षक कसलेले तज्ज्ञ होते आणि त्यांनी काढलेल्या दोषांत किरकोळ दोषांचा भरणाही मोठा होता. वापरणाऱ्यांवरच्या चाचणीत दोष कमी निघाले, पण जे निघाले ते वारंवार अडखळवणारे. १९९८ साली वेन ग्रे आणि मेरिलिन साल्झमन यांनी तर अशा पाच गाजलेल्या तुलनांचीच उलटतपासणी घेतली आणि प्रयोगांच्या रचनेतच एवढ्या उणिवा दाखवल्या की, त्यांवरून कोणती पद्धत सरस हे सांगण्याचा पायाच डळमळला. शास्त्रीय जगात एवढी खळबळ उडवणारा निबंध क्वचित निघतो.

खुद्द नील्सन-मोलिश यांनीही आपल्या पद्धतीची फुशारकी मारलेली नव्हती. त्यांच्या पहिल्या निबंधातच कबुली आहे की, एकेकट्या परीक्षकाला एकूण दोषांपैकी २० ते ५१ टक्केच दोष सापडतात. म्हणून त्यांचा उपाय असा की, पाच परीक्षक स्वतंत्रपणे बसवा आणि नंतर याद्या एकत्र करा. पुढे २००१ साली हेर्टझुम आणि याकोब्सन यांनी निरनिराळे अभ्यास तपासून दाखवले की, कोणत्याही दोन परीक्षकांच्या याद्या परस्परांशी ५ ते ६५ टक्केच जुळतात, मग पद्धत कोणतीही असो. दोन वैद्यांनी एकच नाडी पाहून दोन रोग सांगावेत, त्यातला हा प्रकार. तुम्ही हसता आहात. पण रुग्णालये लक्षावधी रुपयांचे सॉफ्टवेअर घेतात तेव्हा एकदेखील परीक्षक बसवला होता का, हे विचारणारा माणूस समितीत क्वचितच असतो.

वैद्यकाच्या क्षेत्रात या तुलनेला निराळे वजन आहे, कारण येथे 'दोष' या शब्दाचा अर्थ गैरसोय एवढाच राहत नाही. २००३ साली जियाजी झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठोकताळ्यांची संख्या वाढवून चौदा केली आणि शिरेतून औषध सोडणाऱ्या दोन पंपांवर ते लावले. एका पंपात ८९ दोष निघाले, दुसऱ्यात ५२. म्हणजे खरेदी करण्यापूर्वीच कोणता पंप सिस्टरच्या हातून अधिक चुका करवील, याचा अंदाज टेबलाशी बसून बांधता आला. २००५ साली पेनसिल्व्हेनियातील एका मोठ्या रुग्णालयात रॉस कॉपेल यांनी डॉक्टरांच्या औषध-आज्ञा संगणकावर घेणाऱ्या प्रणालीचा अभ्यास केला, तेव्हा तिच्यामुळेच घडू शकणाऱ्या चुकांचे २२ प्रकार हाती लागले. ही प्रणाली आणली होती ती औषधांतल्या चुका कमी करण्यासाठी! पुढच्या दशकात इराणमधील कर्मान येथील अभ्यासकांनी रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरवर ठोकताळे आणि पावले यांची समोरासमोर तुलना केली. दोषांच्या एकूण संख्येत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मात्र शिकायला अवघड जाणाऱ्या जागा पावलांनी अधिक पकडल्या आणि वापरणाऱ्याच्या नाराजीच्या जागा ठोकताळ्यांनी अधिक. मला या निष्कर्षात समाधान वाटते, कारण तो कोणाच्याच गळ्यात माळ घालीत नाही.

आपल्या देशात काय? इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींची मानके २०१३ साली प्रथम आणि २०१६ साली सुधारून प्रसिद्ध झाली, आणि त्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. पण या मानकांचा मुख्य भर संज्ञा, संकेतांक आणि माहितीची देवाणघेवाण यांवर आहे. सिस्टरच्या डोळ्यांना काय दिसते हा प्रश्न वेगळा राहतो. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक अभिकल्प केंद्र आहे. तेथील अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीच्या रुग्णांसाठी 'तामा' नावाची फोनवर बोलणारी व्यवस्था केली, ती रुग्णांमध्ये बसून, त्यांच्याकडून वापरवून पाहून. असे काम आहे, विपुल नाही.

परंतु ज्याची परीक्षा आपण सगळ्यांनी एकदम दिली असे आरोग्याचे सॉफ्टवेअर एकच : कोविन. मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डच्या कुप्यांचे पहिले ट्रक १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे निघाले, ते सांगवीपासून फार तर दोन तासांच्या वाटेवरून. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले. १८ ते ४४ वर्षांच्या लोकांना १ मेपासून लस खुली झाली. मात्र त्यासाठी आधी संगणकावर किंवा मोबाइलवर नोंदणी करणे सक्तीचे होते. २८ एप्रिलला नोंदणी उघडताच पहिल्याच दिवशी कोटीहून अधिक नावे आली. त्या दिवसांत हिंजवडीतल्या मुलाला जे दोन मिनिटांत जमे, ते चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांत जमत नसे. शहरातली तरुण मंडळी खेड्यांतल्या केंद्रांवर मोटारी घेऊन जात आणि गावकरी बाजूला उभे राहून पाहत.

या काळात दोन गोष्टी घडल्या, त्यांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. पहिली : लस न घेताच 'आपले लसीकरण झाले' असे संदेश काहींना आले. शासनाने तपासले तेव्हा आढळले की, हे मुख्यतः टोचणाऱ्या कर्मचाऱ्याने चुकीच्या नावापुढे खूण केल्यामुळे घडते. म्हणजे आमच्या केसपेपरवाल्या कारकुनाचीच चूक, देशभर! ८ मेपासून चार अंकी सुरक्षा-संकेत आला. तो सांगितल्याशिवाय खूण करता येईना. 'चूक होऊच देऊ नका' हा नील्सनचा ठोकताळा येथे उशिरा का होईना, पाळला गेला. चालत गेलेल्या परीक्षकाला ही जागा जानेवारीतच दिसली असती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने कोविनच्या एका तपासणीचे निष्कर्ष नमूद केले. अंधांना चित्रातली अक्षरे वाचता येत नाहीत आणि ती ऐकवण्याची सोय नाही. वय, लसीचे नाव, मोफत की विकत, हे निवडण्याच्या खुणा त्यांच्या उपयोगी पडत नाहीत. माऊसवाचून नुसत्या कळफलकावर काम होत नाही. हात सावकाश चालणाऱ्याला वेळ पुरण्याआधीच बाहेर काढले जाते. ज्या परीक्षेविषयी आपण तासभर बोलत आहोत, तिचे निष्कर्ष देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या कागदावर आले! माझ्या मते हा प्रसंग आपल्याकडे या शास्त्राच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. जूनमध्ये कोविन मराठीसह इतर भारतीय भाषांतून बोलू लागले.

तथापि त्याच आदेशात न्यायालयाने आणखी एक प्रश्न उभा केला होता : ज्याच्याकडे फोन नाही, जाळे नाही, अक्षरओळख नाही, त्याचे काय? ठोकताळे हा प्रश्न विचारीत नाहीत. ते पडद्यापाशी सुरू होतात. पावलांची परीक्षासुद्धा पहिले पाऊल पडद्यापुढेच टाकते. परीक्षकाने कोणाचे पाय उसने घ्यायचे हे पद्धत सांगत नाही, ते परीक्षा मागवणाऱ्याने ठरवायचे असते. टायलरच्या यंत्रापुढे सवयीने 'पी' दाबणारी बाई, खिडकीतला घाईचा कारकून, आणि पानशेतच्या साली नवी नवरी असलेली आजी, यांच्यापैकी कोणाचे?

२४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागच्या जागी नोंदणीची मुभा १८ ते ४४ वयाच्या लोकांनाही मिळाली. तत्पूर्वी आणि नंतरही आमच्या आळीतल्या मंडळाच्या मुलांनी रस्त्याच्या कडेला एक टेबल मांडले होते. एका मोबाइलवर चारच नावे चढत, म्हणून प्रत्येकाने घरचे फोन आणले होते. आधी दोनशे पानी वहीत नाव, वय, आधारचे शेवटचे आकडे पेन्सिलीने लिहायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे, समोरच्याने 'होय' म्हटले की मगच फोनमध्ये भरायचे. मी विचारले, "आधी वहीत कशाला?" त्यातला एक जण म्हणाला, "काका, फोनमध्ये खोडता येत नाही."